चौथ्या नळीचं पाणी

नाकाडोंगरी
२१ जुलै २०२४

मने,

पान्याच्या बाटल्या साऱ्या टाकल्या डब्यात, पाहून घेजो. मधातल्या हप्त्याइच्या मी नाई भरल्या, खेमराजनं भरल्या. कागदावर नवऱ्याचं नाव घेतलं तर चालते, तोंडानं घेतलं का सासू डोळे वटारते. मी बाजेवर पडून होती तवा तुह्या रानातल्या कुंपनाची चावी त्याच्याजवळच होती. कसं भरायचं ते मी पडल्या पडल्या सांगतलं.

फोनवर तू रडत होतीस आनि मी नुसती हो हो करत होती, कारन सासू बाजूलेच बसून होती. म्हनून लिहून राहिली. बाटल्यांच्या डब्यातली चिठ्ठी कोनी वाचत नाई.

मुलगी होती. केस काळेभोर, एवढे! तालुक्याच्या दवाखान्यात झाली आनि बारशाच्या आधीच गेली. घरी आनली, आंगनात फडक्यात गुंडाळली आनि माह्या मांडीवरून उचलून घेऊन गेले. खेमराज आनि त्याचा बाप. मले ताप होता, उठता पन येईना. लहान लेकराले जाळत नाईत, रानात पुरतात, हे तुले माहीत आहे. पन आमच्या घरात कुठं पुरलं ते मायले सांगत नाईत. सासू म्हनते, मायनं जागा पाह्यली तर लेकरू तिच्या मागं मागं घरी येते आनि पुढचं पोट राहू देत नाई. मी म्हनलं, येऊ द्या ना मागं! तर तिनं माह्या तोंडावर हात ठेवला.

मले काही नाई पाह्यजे मने, फक्त जागा पाह्यजे. कोन्या झाडाखाली आहे, उतारावर आहे का सपाटीवर आहे, एवढंच. एवढं मोठं रान आहे आनि मले त्याच्यातली तेवढीशी जागा माहीत नाई.

आता दुसरं काही लिहिजो. तुह्या त्या क्लोराईडचं लिहिजो. चार वर्सं झाली बाटल्या भरून, पन हे सारं कायले ते तू मले धड सांगतलंच नाई.

तुही खुशबू

*

बंगळूर
२ ऑगस्ट २०२४

खुशे,

तुझं पत्र खिशात घेऊन फिरतेय. काय लिहू हे सुचत नव्हतं, म्हणून उशीर झाला. तू कॉलेजात माझ्यासाठी भांडायचीस, आणि मला तुझ्यासाठी दोन धड वाक्यं लिहिता येत नाहीत.

तू सांगितलंस म्हणून क्लोराईडचं लिहिते. मिठातला अर्धा भाग तो. पाऊस येतो तेव्हा समुद्राचं चिमूटभर मीठ आपल्या रानापर्यंत येतं, इतकं कमी की जिभेला कळणार नाही. पाऊस धरायला मोकळ्यावर लावलेल्या नरसाळ्यात थोडं सापडतं, धावड्याच्या झाडाखालच्या नरसाळ्यात जास्त, कारण ते पाणी पानं धुऊन खाली येतं. मग ते मातीत मुरतं. तू पंप मारून नळ्यांतून ओढतेस ते हेच मुरलेलं पाणी. जुन्या पुस्तकांत लिहिलंय की क्लोराईड मातीत थांबत नाही, पाण्याबरोबर येतो आणि पाण्याबरोबर नाल्याला लागतो. पण आपल्या रानात हिशोब जुळत नाही बघ. वरून जितका येतो तितका नाल्यात निघत नाही. थोडा झाडं मुळांनी ओढून पानात ठेवतात. पानं गळतात, कुजतात, आणि त्या पाचोळ्यातले बारीक जीव त्याला काळ्या मातीशी बांधून टाकतात. किती बांधतात, किती काळ धरून ठेवतात, ते मला सांगायचंय. म्हणून ते जाळीचं कुंपण आणि त्यातल्या चार नळ्या.

जागेचं म्हणशील तर, रागावू नकोस, पण मला वाटतं न कळलेलंच बरं. कळली तर तू रोज जाशील आणि रोज रडशील. तब्येत सांभाळ. बाटल्यांचं काम जड जात असेल तर दुसऱ्या कुणाला सांगते.

मनाली

*

नाकाडोंगरी
१८ ऑगस्ट २०२४

मने,

तू पन सासूसारखीच बोल्लीस. राग आला होता, मंग गिळला. "रोज रडशील" म्हनतेस, तर आता मी काय हसून राहिली का?

काम दुसऱ्या कोनाले देऊ नको. खबरदार!

धानाचा रोवना आटोपला. आता लोकं जंगलात जाऊन राहिले, सात्याच्या छत्र्या आनायले, बांबूचे कोवळे वास्ते आनायले, त्याच्यात मी पन जाते. सारे खाली पाहून सात्या शोधतात, मी खाली पाहून दुसरंच शोधते. परवा नाल्याच्या वरच्या अंगाले ताजी माती दिसली. हातानं उकरायले बसली, तर सायाळीचं बीळ. बाया हसल्या, म्हनल्या, सायाळ पकडते का व? मी पन हसली. घरी येऊन न्हानीत जाऊन बसली.

खेमराजले तीनदा विचारलं. पहिल्यांदा म्हने, आठवत नाई. दुसऱ्यांदा ताटावरून उठून गेला. तिसऱ्यांदा म्हने, मायनं मले शपथ घातली आहे, तू मले तोडू नको. आता तलावात मच्छीचं बीज टाकायचं आहे म्हनून दिवस दिवस सोसायटीच्या लोकाइसंगं राह्यते. मले माहीत आहे, बीजाले एवढा वेळ लागत नाई.

एक गोष्ट बरी आहे. हप्त्यातून एक दिवस तुह्या कुंपनात जाते. आतून कडी लावते, नळ्याइले पंप मारते आनि पानी चढेपर्यंत बसून राह्यते. घरी रडलं का सासू म्हनते, दूध फुटंल, डोकं चढंल. तिथं कोनी पाहत नाई, तिथं पोटभर रडून घेते. मंग बाटल्या भरून घरी येते.

खुशबू

*

बंगळूर
१ सप्टेंबर २०२४

खुशे,

पोळ्याला ठेठरी तळत असशील, मला इथे वास येतोय.

आता काम. चौथ्या नळीचं पाणी पाहून माझं डोकं फिरलंय. जुलैच्या सुरुवातीपर्यंत चारही नळ्या सारख्या होत्या. मग चौथी एकटीच चढायला लागली, आणि आता बाकीच्यांपेक्षा शेकडो पट क्लोराईड दाखवतेय. यंत्र दोनदा धुतलं. यंत्राची चूक नाही. म्हणजे चूक तिकडे, भरताना होतेय.

हातमोजे घालतेस ना? घामात मीठ असतं, थुंकीत असतं, आसवांतही असतं. तू लिहिलं होतंस तिथे बसून रडतेस म्हणून. खुशे, रड, मी नाही म्हणत नाही. पण बाटलीचं बूच उघडं ठेवून नको. माझे मार्गदर्शक सर म्हणाले, एका नळीवर भरवसा नाही तर पूर्ण प्लॉटच टाकून द्यावा लागेल. माझी चार वर्षं आहेत त्यात. एवढं माझ्यासाठी कर.

मनाली

*

नाकाडोंगरी
९ सप्टेंबर २०२४

मनाली,

माह्या आसवानं तुही बाटली खारट झाली म्हनतेस? वा! बीएस्सी मी दोनच वर्सं केलं, पन एवढी मूर्ख नाई. एकच नळी काहून खारट झाली मंग? मी काय त्याच नळीवर बसून रडते?

मोजे घालते. बूच तोंडानं नाई उघडत. दुसरा डबा पाठवून राहिली, बाटल्या तीन-तीनदा शुद्ध पान्यानं खंगाळल्या, भरताना श्वास पन आखडून धरला. आता तरी खारट निघाली तर दुसऱ्या कोनाच्या डोळ्याइले दोष देजो.

ते रडल्याचं मी मैत्रिनीले लिहिलं होतं, तुह्या सराले नाई.

खुशबू

*

बंगळूर
२६ सप्टेंबर २०२४

खुशे,

पाया पडते, माफ कर. मी वाटेल ते लिहून गेले. सरांना मी फक्त "घाम" सांगितलं होतं, बाकी काही नाही. पण तुला ते लिहायलाच नको होतं. तू मला बोलून घेतलंस ते बरं केलंस, बोलली नसतीस तर जास्त भीती वाटली असती.

आणि तू खरी निघालीस. चौथीचा आकडा आणखी वर गेलाय. काल बसून गणित केलं. घामानं, आसवानं काही होत नाही, माणूस जन्मभर रडला तरी एवढं मीठ निघणार नाही. तिथे कुणीतरी जाडं मीठ ओतलंय, किलोच्या हिशोबानं. सोडियमही तसाच चढलाय, म्हणजे खतबित नाही, आपलं खायचं मीठच. जूनमध्ये आम्ही माती नेली तेव्हा काही नव्हतं. जुलैच्या पहिल्या-दुसऱ्या हप्त्यात कधीतरी ते पडलं, पावसानं विरघळलं आणि उतारानं चौथ्या नळीकडे आलं. मीठ असंच करतं, लपून राहत नाही. पाणी जिकडे जाईल तिकडे त्याच्यासोबत निघतं.

कोण्या गाढवानं केलं असेल गं? ढोरांना चाटायला ठेवलं म्हणावं तर कुंपणाच्या आत कोण ठेवेल? खेमराजच्या हातून चावी कुणी मागून नेली होती का, विचार. सर म्हणाले, आता टाकायचं नाही, खोदून पाहायचं. दिवाळीनंतर आम्ही दोघं येतो, चौथ्या नळीच्या वरच्या अंगाची माती काढून तळाशी काय आहे ते बघतो. तोवर तू एक कर, वरच्या बाजूला माती उकरल्यासारखी दिसते का ते पाहून ठेव.

तुला भेटेन याचाच जास्त आनंद आहे.

मनाली

*

बंगळूर
२० ऑक्टोबर २०२४

खुशे,

डबा नाही, पत्र नाही. फोन केला तर तुझ्या सासूबाई उचलतात आणि "ती तलावावर गेली" म्हणतात. दर वेळी तलावावर? अजून रागावलीस का? तब्येत बरी आहे ना? आम्ही नऊ नोव्हेंबरला निघतोय, कुदळ-फावडी तिकडेच मिळतील ना ते कळव. काही तरी लिही बाई. दोन ओळी लिही, पण लिही.

मनाली

*

नाकाडोंगरी
२७ ऑक्टोबर २०२४

मने,

खोदू नको. हे आधी वाच, बाकीचं मागून. सराले सांग, देवाले सांग, कोनाले सांगायचं त्याले सांग, पन त्या कुंपनात कुदळ आनू नको.

तुले माहीत नसंल, तुमच्यात करत नाईत. आमच्याकडे लेकराले पुरतात तवा खड्ड्यात मीठ टाकतात. खाली टाकतात, वरून टाकतात, मंग माती लोटतात. जनावरानं उकरू नये म्हनून म्हनतात, देह लवकर मातीले मिळावा म्हनून पन म्हनतात. मी लहान असताना माह्या काकाच्या पोराले तसंच केलं होतं, पुडे फोडताना मी पाह्यले होते.

तुही चिठ्ठी मी कुंपनातच वाचली. पंप मारून बसली होती. "जुलैच्या पहिल्या-दुसऱ्या हप्त्यात" वाचलं, "खायचं मीठ" वाचलं, आनि वर पाह्यलं मने. चौथ्या नळीच्या वरच्या अंगाले, धावड्याच्या बुडाशी, माती भुसभुशीत होती. मले वाटत होतं तुम्ही जूनमधे माती नेली तोच खड्डा आहे. मी दर हप्त्याले तिथंच गुडघे टेकत होती. डबा तिथंच ठेवत होती. डबा, मने! तिच्यावर!

डबा उचलून बाजूले ठेवला. मंग सरळ तलावावर गेली. खेमराज डोंग्यात होता, जाळं काढून राहिला होता. काठावरून ओरडली, तिले कुंपनात ठेवलं ना? साऱ्या लोकाइसमोर. त्याच्या हातातून जाळं सुटलं. सोसायटीतला कमलेश होता त्याच्यासंगं, तो म्हने, वहिनी काय झालं? खेमराज पान्यात उतरून तसाच चालत आला, कमरेइतका ओला, आनि माह्यासमोर खाली बसला.

म्हने, पूर्ण रान फिरलो. बाबा म्हनत होता, नाल्याच्या पलीकडे ठेवू. पन तिथं मागच्या साली एकाच्या लेकराले कोल्ह्यानं काढलं. मले ते सहन नसतं झालं. साऱ्या रानात जाळी लावलेली, कडी लावलेली एकच जागा होती आनि तिची चावी माह्या खिशात होती. माती पन मऊ होती. मी हातानं खोदलं. बाबाले म्हनलं, इथंच.

मी म्हनलं, मले काहून नाई सांगतलं? मी बीळं उकरत फिरली, तुले दिसत नव्हतं का?

तर म्हने, मायनं शपथ घातली होती तुले सांगू नको म्हनून. तुले जाऊ देऊ नको असं नव्हती म्हनली. तू दर हप्त्याले तिथं जातेस. मी मनात म्हनलं, तिची माय तिच्याजवळ येऊन बसंल, तुले माहीत नसलं तरी तिले तर माहीत राहीन.

एवढं बोल्ला आनि लहान पोरासारखा रडला. मी त्याले मारलं पन, मने. दोन-चार बुक्क्या मारल्या पाठीवर. मंग तिथंच त्याच्या आंगावर डोकं टेकवलं. लोकं जाळी घेऊन बाजूले झाले.

सासूले अजून सांगतलं नाई. खेमराज म्हने, मी शपथ मोडली नाई, तू सोताच ओळखलं. पन तू आनि सर कुदळ घेऊन आले तर साऱ्या गावाले समजंल, मंग तिले तिथून हलवतील. आनि नाई हलवली तरी तिच्या आंगावरची माती काढून तुम्ही पाहान. मले हे नाई चालत. तुही चार वर्सं गेली तर जाऊ दे, असं मी म्हनून राहिली. मले समजते मी काय मागून राहिली. तरी मागते.

खुशबू

*

बंगळूर
६ नोव्हेंबर २०२४

खुशे,

नाही खोदणार. कुणीही नाही. हे आधी लिहिते.

तुझं पत्र आलं त्या दिवशी मी लॅबच्या पायऱ्यांवर बसून राहिले. मी "गाढव" लिहिलं होतं. "तळाशी काय आहे ते बघतो" लिहिलं होतं. माती उकरलेली दिसते का ते बघून ठेव, असं मी तुलाच सांगितलं होतं! आणि त्याआधी, जागा न कळलेलीच बरी, हेही मीच. खुशे, मला तोंड दाखवायला जागा नाही. तू भेटशील तेव्हा मलाही दोन बुक्क्या मार.

सरांना सगळं सांगितलं, लपवलं नाही. लपवलं असतं तर त्यांनी आणखी दुसऱ्या कुणाला पाठवलं असतं. ते म्हणाले, कुंपण काढायचं नाही, काम संपलं तरी काढायचं नाही. चौथी नळी आपल्या अभ्यासातून बाहेर. उरलेल्या तिघींवर तू तुझं लिही. त्यामुळे माझी चार वर्षं कुठे जात नाहीत, तू तो भार घेऊ नकोस.

तू विचारलेलं नाहीस, पण मला जे माहीत आहे ते तुला सांगितलं पाहिजे असं वाटतं. ते मीठ आता तिच्याजवळ फार उरलेलं नसेल. पावसाबरोबर ते हळूहळू खाली उतरतंय, चौथ्या नळीत येतंय ते तेच. एक-दोन पावसाळ्यांत त्यातलं बरंच नाल्याला लागेल, नाल्यातून बावनथडीला, तिथून वैनगंगेला. थोडं धावडा ओढून घेईल. पुढच्या उन्हाळ्यात त्याच्या पानांच्या कडा करपलेल्या दिसल्या तर घाबरू नकोस, झाड मरणार नाही. ती पानं गळतील, कुजतील, आणि त्यातलं थोडं काळ्या मातीशी बांधलं जाईल. ते मात्र कुठे जाणार नाही. लवकर तरी नाही. आमच्या कामातलं एवढंच मला खात्रीनं सांगता येतं.

नऊऐवजी अठरा तारखेला मी येतेय, एकटी, मोकळ्या हातानं. तू म्हणशील तर कुंपणात येईन, नाही म्हणशील तर तुझ्या अंगणात बसून परत जाईन.

जय भीम.
मनाली

*

नाकाडोंगरी
२४ नोव्हेंबर २०२४

मने,

तू पोहोचलीस का? कमलेश म्हने, तुमसरले गाडी दोन घंटे लेट होती. तुह्यासाठी बांधलेली झिंग्याची चटनी तू ओट्यावरच विसरून गेली. खेमराजनं एकट्यानं खाल्ली.

तू आलीस, बरं झालं. तू कुंपनात येऊन बसलीस आनि काही बोल्ली नाई, हे जास्त बरं झालं.

तू गेल्यावर सासूले सांगतलं. मीच सांगतलं. मले वाटलं घर डोक्यावर घेईन. तिनं पदरानं तोंड पुसलं आनि विचारलं, वरून पान्याची धार तर नाई ना लागत तिथं? मी म्हनलं, नाई, धावडा आहे वर. मंग ती चुलीकडे गेली. मले मागून समजलं मने, तिचे पन दोन गेले होते. तिले आजवर माहीत नाई कुठं आहेत ते. सासऱ्यालेच माहीत आहे, तो मेला का ते पन त्याच्यासंगंच जाईन.

आता कामाचं. काल नळ्याइले पंप मारला. चौथीले मारू का नको, खूब वेळ समजेना. तू म्हनलीस ती अभ्यासातून काढली, तर कायले ओढायचं पानी. ओढलं, बाटली भरली आनि मंग वाटलं, हे तिच्या आंगावरून आलेलं पानी आहे, हे बंगळूरले कायले पाठवू? वतून देते इथंच. बूच उघडलं पन होतं.

मंग नाई वतलं. या डब्यात आहे, वेगळ्या फडक्यात गुंडाळून. तुह्या अभ्यासासाठी नाई पाठवून राहिली, माह्यासाठी मोजजो. दर डब्यात चौथीची बाटली येईन, तुले वेळ भेटंल तवा मोजजो आनि आकडा मले कळवजो. मोठा असंल तरी कळवजो, लपवू नको.

तू म्हनलीस ना, ते मीठ उतरत जाईन. उतरू दे. जवा चौथीचा आकडा बाकी तिघीइच्या बरोबरीचा होईन, तवा मले साफ सांगजो का झाला म्हनून. तवा मी समजीन का आता ती साऱ्या रानाची झाली, आनि मंग मी तिच्यासाठी पंप मारनं बंद करीन.

तोवर ती माह्याजवळ आहे. तू मोजायची घाई करू नको.

तुही खुशबू